पाय बसवायचे आहेत

माझे दोन्ही पाय जागेवर आहेत आणि चालू स्थितीत आहेत. हे एकदा छापून आलेलं बरं, म्हणून लिहितो आहे. पारोळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत आमच्या नात्यात अजूनही काही माणसं अशी आहेत, जी मला भेटली की आधी खाली बघतात आणि मग तोंडाकडे.

सगळ्याचं मूळ माझ्या निवृत्तीत आहे. कचेरीत मला निदान एक खुर्ची होती. घरी आल्यावर कळलं की, जळगावातल्या या घराचा हप्ता मी इतकी वर्षं भरला खरा, पण त्यात माझ्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती. पुढच्या खोलीत बसलो की मंदा (माझी पत्नी) म्हणायची, "उठा, झाडायचंय." स्वयंपाकघरात गेलो की, "इथे काय काम?" ओट्यावर बसलो की, "लोकांना वाटेल, घरातून काढलंय." मागच्या अंगणाला लागून एक खोली होती, तिच्यात गव्हाच्या कोठ्या, उन्हाळ्याची वाट बघणारा कूलर आणि लग्नात आलेली न वापरलेली भांडी होती. ती खोली मी मागितली. सांगितलं, "मी सुतारकाम शिकणार."

मंदाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "संक्रांतीपर्यंत घ्या. तोवर तिथे काही उभं राहिलं तर खोली तुमची. नाहीतर कोठ्या परत आत."

'काही उभं राहिलं तर' हे तिने सहज म्हटलं असेल, पण नेमकं तिथेच घोडं अडलं!

सुतारकामाला पहिल्यांदा काय लागतं? भक्कम टेबल. ज्यावर ठोकलं, रंधा मारला, करवत चालवली तरी हलणार नाही असं. फळी मला झकास मिळाली. वखारीतून आणलेली बाभळीची, हातभर रुंद, आणि इतकी जड की उतरवताना हमालाने माझ्याकडे सूडबुद्धीने पाहिलं. प्रश्न पायांचा होता. पहिले लाकडी पाय मी त्याच वखारीतून स्वस्तात घेतले. स्वस्त का होते, ते दिवाळी उलटल्यावर कळलं. वरून गुळगुळीत, आतून वाळवीने पोखरलेले. खालचा कुजका भाग कापून टाकावा म्हणून मी अंगणात करवत घेऊन बसलो. एक पाय आखूड झाला. म्हणून दुसरा त्याच्याएवढा केला. तो जास्तच आखूड झाला. असं करत करत माझं टेबल पाटाच्या उंचीला येऊ लागलं, तेव्हा मंदा म्हणाली, "अजून थोडं कापा, म्हणजे जमिनीवरच काम करता येईल."

मग लोखंडी पायांचा शोध सुरू झाला. एका वेल्डिंगवाल्याने नळ्यांचे पाय करून दिले. फळी ठेवताच ते नवख्या वासरासारखे चारी दिशांना फाकले. दुसऱ्याने मंगल कार्यालयातल्या घडीच्या टेबलांचे पाय दाखवले. मी नुसता हात टेकला तर त्यांनी घडी घातली! शेवटी कोणीतरी सांगितलं, धुळ्याच्या भंगार बाजारात जा. जुन्या गिरण्यांमधल्या यंत्रांचे ओतीव लोखंडाचे पाय मिळतात, हत्ती उभा करा वर. संक्रांत तोंडावर आली होती. मी ठरवलं, उद्याच धुळे.

आणि उद्याच नानांच्या नातवाचं जाऊळ होतं.

नाना म्हणजे माझे चुलतभाऊ, पारोळ्याला असतात. अख्खा गोतावळा तिथे जमणार होता. माझी सख्खी मोठी बहीण अक्का तर शिंदखेड्याहून आदल्या दिवशीच येऊन बसली होती. न जाणं म्हणजे गुन्हाच. पण खोली जाणं हा मला त्याहून मोठा गुन्हा वाटत होता. पारोळं धुळ्याच्या वाटेवरच आहे, पण तिथे एकदा उतरलो की अख्खा दिवस गेलाच. तेव्हा सकाळी निघण्यापूर्वी मी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक सभ्य, सविस्तर निरोप टाकला. कचेरीत जन्म गेलेला माणूस मी, मसुदा करण्यात माझा हात धरणारा कोणी नाही! निरोप असा:

"जाउळाला येता येत नाही, क्षमस्व. आधीचे पाय आतून पार कुजले. कापूनही उपयोग झाला नाही. आता लोखंडी बसवण्यावाचून इलाज नाही. त्यासाठी आजच धुळ्याला जात आहे. कोणाच्या ओळखीत चांगला माणूस असल्यास लगेच कळवावे. फोटो पाठवतो."

फोटो टेबलाचा होता. तो गेला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण पहाटेपासून मी सुतारकामाचे व्हिडिओ बघून त्या दिवसाचं सगळं नेट संपवलं होतं. निरोप कसाबसा गेला. फोटोवर नुसतं चक्र फिरत राहिलं. मी फोन चार्जिंगला लावला, एसटी चुकेल म्हणून धावलो आणि फोन तिथेच विसरलो.

इथे एक सांगायला हवं. मला शुगर आहे, हे गोतावळ्यात सगळ्यांना माहीत आहे. आणि 'टेबल' हा शब्द माझ्या निरोपात कुठेही नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पारोळ्याला मांडवात वरण-बट्टीचा बेत चालू होता. निरोप वाचला गेला आणि तुपात बुडवलेल्या बट्ट्या तशाच राहिल्या. कमलमावशीने तर ग्रुपवर लिहिलं, "फोटो नका पाठवू. माझ्याच्याने बघवणार नाही." अक्काने ताबडतोब मला फोन लावला. तो मंदाने उचलला. पुढचं संभाषण दोन्ही बाजूंच्या साक्षी काढून मी जुळवलेलं आहे.

"मंदा," अक्काचा आवाज दाटलेला होता. (मंदाला वाटलं, सर्दी झाली असेल.) "भाऊना पाय...?"

"काय सांगू अक्का! वरून काही कळतच नव्हतं. आतून पार पोकळ झाले होते."

"आन कापी टाकात?"

"हो ना. स्वतःच कापले, अंगणात बसून."

पलीकडे काहीतरी धपकन आपटलं. अक्का खाली बसली होती.

"स्वतः?"

"ऐकतात का कुणाचं? मी म्हटलं, जाणत्या माणसाकडून कापून घ्या. तर म्हणे, त्यात काय अवघड आहे! आधी एक आखूड झाला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला कापत बसले."

"ओ माय वं! आन ते पाय आते कथा शेतस?"

"आहेत अंगणातच. चांगलं ऊन खाल्लंय त्यांनी, उद्या बंबात घालते. पाणी तरी तापेल."

"आन भाऊ?"

"ते गेले ना धुळ्याला. एसटीने. एक पाय पिशवीत घेऊन."

फोन बंद झाला. मंदा म्हणते, तिला जरासुद्धा शंका आली नाही. घरात दोन महिने दुसरा विषयच नव्हता, तर 'टेबल' वेगळं कशाला म्हणायचं!

पिशवीतला पाय खरा होता. कापाकापीतून त्यातल्या त्यात लांब राहिलेला एक पाय मी नमुन्यासाठी बरोबर घेतला होता. जाडी दाखवायला बरा. तो पिशवीत पुरता मावेना, म्हणून मंदाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, मांडीवर आडवा धरून मी खिडकीशी बसलो होतो. एरंडोल मागे पडलं. शेतांतला कापूस वेचून झाला होता, हवा छान गार होती आणि माझ्या डोक्यात ओतीव लोखंडाचे चार पाय दिमाखात उभे होते.

गाडी पारोळ्याच्या स्टँडमध्ये शिरली आणि मला समोर ही गर्दी दिसली. पन्नासेक माणसं. बायकांच्या डोळ्यांना पदर. मधोमध एक उंच लोखंडी टेबल, दवाखान्यात डॉक्टर पेशंटला ज्यावर निजवून पोट दाबतात तसलं, आणि त्यावर पांढरी चादर अंथरलेली.

मी शेजारच्या गृहस्थांना हळहळून म्हटलं, "कोणीतरी सीरियस दिसतंय हो."

ते म्हणाले, "घरची माणसं किती आहेत बघा. नशीबवान आहे बिचारा."

मग गर्दीतली टोपी ओळखीची वाटली. नाना! त्यांच्याजवळ अक्का! जाऊळ सोडून ही मंडळी इथे कशी? मला आनंद झाला आणि मी खिडकीतून जोरजोरात हात हलवला. त्याबरोबर बायकांनी एकदम हंबरडा फोडला. आता विचार करता लक्षात येतं, खिडकीतून मी त्यांना फक्त कमरेपर्यंत दिसत होतो.

गाडी थांबते न थांबते तोच नाना वर चढले. "सरका रे बठ्ठा! वाट द्या! भाऊ, तू हालू नको!"

मी म्हटलं, "नाना, तुम्ही इथे?"

नानांचं लक्ष माझ्या मांडीकडे गेलं. लुगड्यात गुंडाळलेली ती लांबट वस्तू पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"हाई काय शे?"

"हा? पाय आहे," मी अभिमानाने म्हणालो. "नमुना म्हणून घेतलाय. याच्याएवढेच जाड बसवून घ्यायचेत."

शेजारचे गृहस्थ उठून उभे राहिले. मागच्या सीटवरून कोणीतरी देवाचं नाव घेतलं. कंडक्टर मात्र खमका होता. तो म्हणाला, "काका, ह्याचं लगेज फाडलंय का?"

नाना दोन्ही हात पुढे करून मला उचलायला वाकले. मला वाटलं, मिठी मारतायत. मोठा भाऊ मिठी मारत असताना बसून राहणं बरं दिसत नाही, म्हणून मी उठून उभा राहिलो.

सगळी एसटी माझ्या पायांकडे बघू लागली.

"भाऊ," नाना पुटपुटले, "तू उभा शे..."

"हो. मग?"

नाना माझ्या जागेवर मटकन बसले. त्यांना मग मी आणि कंडक्टरने मिळून खाली उतरवलं.

खाली पाऊल टाकतो तोच अक्का गर्दीतून धावत आली आणि थेट माझ्या पायांशी वाकली. मी दचकून मागे सरलो. माझ्याहून एवढी मोठी, मला कडेवर घेऊन वाढवलेली बहीण! "अगं अक्का, तू मोठी आहेस, माझ्या पाया काय पडतेस?"

"पाया नही पडत," ती खालूनच ओरडली, "मोजी ऱ्हायनू!"

तिने घोट्यापासून गुडघ्यापर्यंत दोन्ही पाय चाचपले. पँट वर करून बघितली. मग माझ्या अंगठ्याला असा करकचून चिमटा काढला की मी स्टँडभर ऐकू जाईल असा ओरडलो.

"दुखस का?"

"दुखणारच ना!"

"मंग हाऊ तुनाच शे," ती म्हणाली आणि तिथेच बसून रडू लागली.

आता सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अहो, झालंय काय? मी तर टेबलाचे पाय आणायला चाललोय."

एवढं बोलून मी लुगडं सोडलं आणि वाळवी लागलेला तो लाकडी पाय सर्वांना दाखवला. पन्नास माणसं त्या पायाकडे बघत राहिली. सर्वांत जास्त रडलेल्या कमलमावशीने सर्वांत आधी तोंड उघडलं, आणि तिने जे शब्द वापरले ते जाउळाच्या दिवशी वापरत नाहीत. नाना म्हणाले, हे तपासणीचं टेबल गावातल्या बंद पडलेल्या दवाखान्यातून त्यांच्या गोठ्यात आलं होतं, त्यावरचा कडबा काढून, धुऊन, चौघांनी उचलून आणलं. मला त्यावर आडवं घालून जीपने थेट मोठ्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं.

अक्का उठली. डोळे पुसले आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "टेबलना पाय! लाज नही वाटस का तुले? मना जीव कथा गया व्हता, माहीत शे का?"

धपाटा चांगलाच बसला. पण खरं सांगतो, मला भरून आलं. निवृत्त झाल्यापासून घरात, बाहेर, कुठेही बसलो तरी मी कोणाच्या तरी वाटेतच असायचो. आपण आता कोणालाच नको आहोत, असं मनाने घेतलं होतं. आणि इथे माझ्या पायांसाठी पन्नास माणसं गरम बट्टी सोडून उन्हात उभी होती. (बट्टी सोडणं म्हणजे काय, ते खानदेशी माणसालाच विचारा.) मी अक्काच्या पाया पडलो. तिने आशीर्वाद दिला नाही, हुकूम दिला.

"चाल. ज्यानासाठे तू जाऊळ सोडं, ते टेबल मले देखनं शे."

धुळ्याची एसटी माझ्यावाचून गेली. वऱ्हाड दोन जिपांत भरलं, ज्यांना जागा नव्हती ते मागच्या एसटीने निघाले. तपासणीचं टेबल गोठ्यात परत नेण्यात वेळ घालवायला कोणाचीही तयारी नव्हती, म्हणून तेही एका जिपेच्या टपावर बांधलं.

दारात जिपा थांबलेल्या पाहून मंदा बाहेर आली. "अरे वा, जाऊळ इथे करायचं ठरलं का?"

अक्का तिच्यावर तुटून पडली. "कापात, कापात म्हनीसन तूच सांगं ना मले! टेबल हाऊ शबद एकदा तरी निंघना का तुना तोंडमाईन?"

"मग दुसरे कोणाचे पाय मी बंबात घालीन, अक्का?"

यावर दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी मंदा हसली, मग अक्का. मग ओट्यावर बसून दोघी इतक्या हसल्या की शेजारच्यांनी दारं उघडली. मी एकटाच का हसत नाही, म्हणून पुन्हा बोलणी मलाच.

मागच्या खोलीत माझी बाभळीची फळी विटांच्या दोन थप्प्यांवर आडवी पडली होती. नानांनी तिच्यावर हात फिरवला. टपावरच्या टेबलाकडे पाहिलं. परत फळीकडे पाहिलं. "भाऊ," ते म्हणाले, "पाय तर आमीच लई उनात!"

खरंच की! पाय तर तेच घेऊन आले होते! त्या टेबलाचे पाय मनगटाएवढ्या जाड लोखंडी नळीचे, खाली आडव्या पट्ट्यांनी जखडलेले, उंची माझ्या कमरेला बरोबर. कितीतरी वर्षं पारोळ्याचे आजारी त्यांनी झेलले होते. वरचं फाटकं रेक्झिन काढलं, सहा जणांनी फळी उचलून ठेवली, कोणी भोकं पाडली, कोणी बोल्ट आवळले. मला कोणी पान्यालासुद्धा हात लावू दिला नाही. ("तू फक्त कापू नको," नाना म्हणाले.) मग नाना वर चढून बसले. त्यांचे दोन्ही व्याही बसले. कमलमावशीही रागारागात बसली. टेबल जागचं हललं नाही.

सगळ्यांच्या देखत मंदा म्हणाली, "बरं बाई. खोली यांची."

मी आयुष्यात बढतीचे हुकूम घेतले आहेत, पण इतका आनंद कधी झाला नव्हता. टेबलावरून हात फिरवत मी मनात रंधा कुठे ठेवायचा, हातोडी कुठे टांगायची, हे ठरवू लागलो.

तेवढ्यात लोकांना भुका लागल्या. पन्नास माणसं, बट्ट्या पारोळ्यात! मंदा म्हणाली, "भरीत करू." बाजारातून हिरवी वांगी आली, अंगणात जाळ झाला. लाकडं शोधायला लागलीच नाहीत; माझे उरलेले तीन पाय वाळून तयार होते. ते असे पेटले की वांगी बघता बघता भाजून निघाली. कुजक्या पायांची इतकी स्तुती मी पहिल्यांदाच ऐकली.

आता वांगी ठेचायची. अक्काच्या हातच्या भरताला तोड नाही, पण तिचे गुडघे दुखतात. खाली काठवटीशी बसवेना. ती कमरेवर हात ठेवून इकडेतिकडे बघू लागली आणि तिची नजर माझ्या खोलीत गेली.

"अक्का," मी घाईने म्हणालो, "ते सुतारकामाचं..."

काठवट टेबलावर गेलीसुद्धा. अक्काने उभ्यानेच मुसळी उचलली आणि दणका दिला. टेबल हललं नाही. दुसरा दणका, तिसरा. काठवट उडेना, वांगं सांडेना, पाठ वाकेना. अक्काचा चेहरा खुलला. "मंदा, देख वं! हालसच नही!" मग मंदाने हाणून पाहिलं. मग कमलमावशीने. ओळ लागली! मी दारात उभा राहून बघत होतो. थोड्या वेळाने मंदाने माझ्या हातात भाजलेल्या वांग्यांची परात दिली. "नुसते उभे काय? सोला."

त्याला वर्ष होऊन गेलं. थंडी पडली की गल्लीतलं कुणाचंही भरीत असो, वांगी आमच्याकडे येतात. अक्का महिन्यातून एकदा शिंदखेड्याहून 'टेबल देखाले' येते आणि आठवडाभर राहते. कोठ्या आत आलेल्या नाहीत. मला त्या खोलीतून कोणी उठवत नाही, आणि मी उठायचं म्हटलं तरी उठू देत नाही.

गेल्या रविवारी मंदाने माहेरच्या पाहुण्यांना सगळं घर दाखवलं. मागची खोली उघडून ती मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आणि ही यांची कार्यशाळा!" पाहुण्यांनी कौतुकाने हात पुढे केला. मला तो हातात घेता आला नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत वांग्यात होते.